पांझरेच्या काठाने : नळापासून संगमापर्यंत

शुक्रवार, धुळे

देवपुरात आईच्या घरी पोचले तेव्हा ती मोरीशी बसून ड्रममध्ये तुरटी फिरवत होती. सात वेढे द्यायचे, हात अलगद काढून घ्यायचा आणि मग ड्रमला कुणी धक्काही लावायचा नाही. लहानपणी मी हे बघत बसायचे. आधी पाणी नुसतं मातकट दिसतं. थोड्या वेळाने त्यात कापसाच्या कणांसारखे बारीक गोळे धरायला लागतात, जड होतात, तरंगत तरंगत तळाला बसतात. वरचं बोटभर पाणी लख्ख होतं, मग वीतभर. आई त्यात स्वतःच्या बांगडीचं प्रतिबिंब दिसलं की म्हणायची, "झालं, आता भरा."

आमच्या गल्लीत नळ आठ-आठ दिवसांनी यायचा. गोधड्या कधी धुवायच्या, पाहुण्यांना कधी बोलवायचं, पापड कधी लाटायचे, सगळं नळाच्या दिवसावर ठरायचं. अलीकडे जरा बरं आहे म्हणतात, तरी आईचे ड्रम काही हललेले नाहीत. आणि याच घरातून 2019 च्या ऑगस्टमध्ये तिचा फोन आला होता. पांझरा लहान पुलावरून वाहत होती, नदीकाठच्या लोकांना हलवत होते, आणि मी नाशिकला हातात मोबाइल धरून रात्रभर जागी. ज्या नदीच्या पाण्यासाठी आम्ही रांगा लावल्या, तीच नदी उंबऱ्याशी आली म्हणून घाबरायचं, हे मला तेव्हापासून सुटेना. कानबाई या खानदेशातल्या देवीच्या सणासाठी मामाकडे जायचंच होतं. म्हटलं, दोन दिवस आधी निघू आणि पांझरा नीट बघून येऊ. मामेभाऊ गाडी घेऊन तयार झाला.

संध्याकाळी नकाण्याचा तलाव बघितला. पांझरेचं पाणी बंधाऱ्याशी वळवून एक्स्प्रेस कालव्याने हरण्यामाळ आणि नकाणे तलावात आणतात, तिथून ते शहराला मिळतं. दुसऱ्या अंगाला डेडरगावचा इंग्रजांच्या काळातला तलाव आहे. शहर वाढलं तसं हे पुरेना, म्हणून तापीवर सुळवाड्याहून पाणी उचललं, बाभळ्याला शुद्ध करून धुळ्यात आणलं. आणि आता पांझरेवरचं अक्कलपाडा धरण. एका शहराने तहानेपायी किती दिशांना हात पसरले! तलावाच्या काठावर उभं राहिलं की ते कळतं, नळाशी उभं राहून कळत नाही.

परतताना एकवीरादेवीपाशी थांबलो. मंदिराखाली पांझरा घोट्याएवढ्या पाण्याने वाहत होती. हिनेच 1872 च्या सप्टेंबरात शहराची शेकडो घरं नेली, गिरणाही त्याच वेळी उतू गेली होती, हे आज पात्रात गुरं बघून कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. त्यानंतर बारा वर्षांनी, 1884 मध्ये, सरकारी नोकरीत नव्याने लागलेला एक तरुण अभियंता खानदेशात आला आणि त्याने पांझरेच्या पाण्यासाठी नळाचा सायफन बांधला. तो म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढे साऱ्या देशाने ज्यांच्या धरणांचं कौतुक केलं त्यांचा हात पहिल्यांदा आमच्या नदीत भिजला, याचा मला शाळेपासून अभिमान आहे.

शनिवार, अक्कलपाडा

सकाळी सुरत रस्त्याने निघालो. कुसुंबा, नेर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याला लागलेली, मध्येच बाजरी. नेरच्या पुढे एका टपरीवर कळण्याची भाकरी आणि लसणाचा ठेचा खाल्ला. धरणावर जायचं पत्र आधीच घेतलेलं होतं, तरी चौकीवरच्या आबांनी आधी आम्हाला निरखून घेतलं.

"कथाईन उनात ताई?"

"धुयाहून. देवपूर."

"मंग या. पानी तुम्हनंच शे."

मनात धरणाचं चित्र म्हणजे उंच दगडी भिंत. अक्कलपाडा तसं नाही. लांबून बघितलं तर गवताळ टेकडीच आडवी पडलेली वाटते. ही टेकडी माणसाने थर देऊन रचलेली आहे. तरुण शाखा अभियंता आमच्याबरोबर वर चालत आले आणि मी विचारत गेले तसं सांगत गेले. मध्ये गाभा असतो, चिकणमातीचा. पाणी अडवतो तो गाभा. आपल्याकडची काळी माती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून तिला दोन्ही अंगांनी मुरमाचं जाड कवच देतात. गाभा आणि कवच यांच्यामध्ये वाळू-खडीची गाळणी. पाणी झिरपणारच, पण झिरपताना त्याने मातीचा कण बरोबर नेता कामा नये, एवढ्यासाठी ती गाळणी. आणि पाण्याकडच्या उतारावर काळा दगड.

जिथे मातीपेक्षा दगड जास्त आणि चांगला मिळतो तिथे कवच दगडाच्या भरावाचंच करतात. तशा धरणाचा उतार जास्त उभा ठेवता येतो, कारण दगडात पाणी साचत नाही, भरावातून वाहून जातं, आणि दगड दगडात अडकून बसतो. टिहरीचं 260.5 मीटर उंचीचं धरण असंच, मातीच्या गाभ्याला दगडाचा आधार दिलेलं. काम दोघांचं सारखंच. वजनाने पाण्याला थोपवायचं आणि गाभ्याने ते अडवायचं.

मी उतारावर चार पावलं खाली गेले आणि दगडांपाशी बसले. याला पिचिंग म्हणतात. लांबून ते नुसतं ओतल्यासारखं वाटतं, पण तो एकेक दगड हाताने बसवलेला आहे. रुंद बूड खाली, निमुळतं टोक वर, शेजारच्याला खेटून, फटीत चिपा ठोकलेल्या, खाली खडीचा थर. मी एका दगडाला हाताने हलवून बघितलं. हलला नाही. एका ओळीच्या खाली दगडांवर गाळाची फिकट रेघ होती, तिच्या खाली अजून एक. मागच्या आठवड्यात पाणी कुठे होतं, त्याच्या आधी कुठे होतं, ते त्या रेघांवर वाचता येत होतं. लाट येऊन दगडात शिरायची, फटींमध्ये फुटून परत जायची. दगड नसते तर हीच लाट रोज थोडी थोडी माती खात राहिली असती.

मग पलीकडच्या पायथ्याशी उतरलो. जे मला या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त लक्षात राहील ते तिथे होतं. पायथ्याच्या दगडांमधून झिरपलेलं पाणी एका छोट्या चरीत येतं. चरीत आडवा पत्रा बसवलेला आणि त्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. शेजारी मोजपट्टी. खाचेतून करंगळीएवढी धार पडत होती. आबा रोज येऊन धारेची उंची वहीत लिहितात.

"एवढ्याशा धारेचं काय लिहायचं?" मामेभावाने विचारलं.

आबांनी ओंजळीत पाणी धरून आमच्यासमोर केलं. "स्वच्छ शे का?"

स्वच्छ होतं.

"मंग धरन बरं शे. हाई गढूय उनं तं समजानं, मझारनी माती निघी ऱ्हायनी."

अभियंत्यांनी तेच त्यांच्या भाषेत सांगितलं. मातीचं धरण गळतं म्हणून कुणी घाबरत नाही. धार अचानक वाढली किंवा तिचा रंग बदलला तर धावाधाव होते. पाण्याने आतून वाट काढली की ती वाट रुंद होत जाते. आणि दुसरी भीती वरून. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी कधीच जाऊ द्यायचं नसतं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि पुण्यात काय झालं ते महाराष्ट्र विसरलेला नाही. म्हणून एका बाजूला सांडवा, त्यावर लोखंडी दरवाजे, आणि ते वेळेवर उघडायची माणसं.

इथेच मला माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं. पिण्यासाठी धरण भरलेलं पाहिजे. पूर थोपवायला ते रिकामं पाहिजे. एकच पोट, आणि त्याच्याकडून दोन उलट्या अपेक्षा. पावसाळ्याच्या कोणत्या तारखेला पातळी कुठवर जाऊ द्यायची याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. जूनपासून ऑगस्टपर्यंत जागा राखून हळूहळू भरत न्यायचं आणि परतीच्या पावसावर पूर्ण करायचं. 15 ऑक्टोबरला जेवढं पाणी हाताशी असेल त्यावर वर्षाचा हिशोब मांडतात. त्यात पिण्याचं आरक्षण आधी, शेतीचं आवर्तन नंतर. कागदावर हे सरळ आहे. पण समजा ऑगस्टात पोट राखून पाणी सोडून दिलं आणि पुढे पाऊस आलाच नाही? आणि समजा पाणी धरून ठेवलं आणि एका रात्रीत डोंगरात कोसळला?

सोडलेल्या पाण्याचा हिशोब मी तिथेच मांडून बघितला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28.3 लिटर. दहा हजार क्युसेकचा विसर्ग फक्त एक तास चालला तर सुमारे 102 कोटी लिटर पाणी जातं. 2011 च्या जनगणनेत धुळ्याची लोकसंख्या पावणेचार लाख होती. माणशी रोजचे 135 लिटर धरले तर ते सगळ्या शहराचं वीस दिवसांचं पाणी झालं. एका तासात! आठ दिवस नळाची वाट बघणाऱ्या घरात वाढलेल्या मला तो आकडा वहीत लिहिताना हात जड झाला. पण ते पाणी सोडलं नाही तर काय होतं, तेही मी फोनवर ऐकलेलं होतं.

मुक्कामाला मामाकडे. मामाचं गाव धरणाच्या खालच्या अंगाला, नदीला लागूनच.

रविवार, पिंपळनेर आणि कानबाई

सकाळी साक्रीवरून पिंपळनेरकडे. साक्रीशी कान नदी पांझरेला मिळते. जसजसं पश्चिमेला जावं तसतसं आभाळ खाली येतं, सह्याद्रीच्या फाट्यांवर ढग टेकतात, कपाशी संपून भात दिसायला लागतो. एकाच तालुक्यात पावसाचे दोन स्वभाव. धुळ्यात बसून आम्ही आभाळाकडे बघतो तेव्हा आमची नदी कुठल्यातरी दुसऱ्याच आभाळाने भरत असते.

पांझरेवर लाटीपाडा, कानवर मालनगाव, आणि पिंपळनेरजवळ जामखेली. लाटीपाडा भरलेलं होतं. सांडव्यावरून पातळ, काचेसारखा पडदा पडत होता. इथे माणसाने उघडायचं काही नसतं. भरलं की पाणी आपोआप पुढे निघतं. वरची सगळी भरली की येईल तेवढं पाणी खाली अक्कलपाड्यात, आणि तिथून धुळ्यापर्यंत दरवाज्यांची किल्ली एकाच ठिकाणी. कालच्या त्या तरुण अभियंत्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मला आज समजली.

परतताना मामांनी त्यांच्या ओळखीच्या एका जुन्या पाटकऱ्याकडे नेलं. वय ऐंशीच्या पुढे, डोक्याला पांढरा रुमाल. पांझरेवर धरणं यायच्या कितीतरी आधीपासून, तीन-चारशे वर्षं, फडाची पद्धत चालत आली. नदीत ठिकठिकाणी दगड-चुन्याचा बंधारा घालायचा, पाटाने पाणी शेतात न्यायचं, सगळ्या गावच्या जमिनीचे फड पाडायचे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी पीक दुसऱ्या फडात हलवायचं. पाणी कुणाच्या शेतात किती वेळ जाणार ते पाटकरी ठरवणार, शेताच्या मालकाने मोरीला हात लावायचा नाही. पाण्याचा हक्क गावाचा, आणि वर्षातून एकदा पाट साफ करायला घरटी माणूस यायचाच. विहिरी झाल्या, मोटारी आल्या, वर धरणं झाली आणि कितीतरी फड मोडले. काही अजून तग धरून आहेत.

मी त्यांना धरणाबद्दल विचारलं. त्यांनी तक्रारीचा सूर लावला नाही. म्हणाले, "भरनं तं धुयं पेस, सुटनं तं धुयं पयस. दरवाजावरना मानूसले दोन्ही दिखाले पाहिजे."

भरलं तर धुळं पितं, सुटलं तर धुळं पळतं; दरवाज्यावरच्या माणसाला दोन्ही दिसायला हवं. सहा वर्षांत हे मला एवढं स्पष्ट सांगता आलं नव्हतं.

गावात पोचेस्तोवर कानबाईची तयारी पूर्ण झाली होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते. जे खानदेशाबाहेर आहेत तेही या दिवशी घरी येतात. दिवाळीला न आलेली माणसं मी कानबाईला आलेली बघितली आहेत. चौरंगाला केळीचे खांब, त्यावर नारळ, नारळाला नथ, मंगळसूत्र, डोळे. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि डाळ मोजून रोट करतात. मामी मूठ मोजताना नावं घेत होती आणि गेल्या वर्षी गेलेल्या थोरल्या मामाच्या नावापाशी तिची मूठ थांबली, मग पुढच्या नावावर गेली. पुरण, खीर, गंगाफळाची भाजी. रात्रभर बायका गात राहिल्या.

बाराच्या सुमारास पश्चिमेला विजा दिसायला लागल्या. गावात थेंब नव्हता. मामा अंगणात उभे राहून म्हणाले, "पिंपळनेरले पडी ऱ्हायना." कुणी गाणं थांबवलं नाही, पण दोन-तीन जण उठून नदीकडे बॅटरी मारून आले.

सोमवार, विसर्जन आणि संगम

पहाटे कोतवालाने दवंडी दिली. विसर्ग वाढवलाय, कुणी नदीपात्रात उतरू नये, गुरं काठावर बांधू नयेत. पाठोपाठ सगळ्यांच्या मोबाइलवर तोच निरोप.

विसर्जन तर नदीतच व्हायला हवं. डोक्यावर कानबाई घेतलेल्या बायकांची रांग डफाच्या तालावर निघाली, फुगड्या झाल्या, आणि काठापाशी येऊन सगळ्या थांबल्या. रात्रीतून नदी बदललेली होती. शनिवारी जिथे आम्ही पाय बुडवून बसलो होतो तो दगड दिसत नव्हता. पाणी तांबूस, फेसाळ, मध्येच एखादी तुटलेली फांदी गिरकी घेत जाई. आवाज मोठा नव्हता, पण थांबत नव्हता.

मामीने वाद घातला नाही. दोन तरण्या पोरांनी दोरी बांधलेली बादली फेकून पाणी ओढलं, काठावर परातीत ओतलं, आणि एकेक घराची कानबाई त्या परातीतच नदीला भेटली. "गंगा माय दारशी उनी, तिले बठ्ठं समजस," मामी म्हणाली. परतताना दरवर्षी, ज्या पाटावर कानबाई आणली त्याच पाटावर नदीतली वाळू घरी न्यायची असते. या वेळी बादलीच्या तळाशी जो चिमूटभर गाळ आला तोच तिने पाटावर पसरला, हळद-कुंकू वाहिलं आणि डोक्यावर घेतला.

धुळ्यात पोचलो तर लहान पुलावर दोन्ही बाजूंनी अडथळे लावलेले. मोठ्या पुलावर माणसं कठड्याला टेकून पाणी बघत होती. पाणी पात्रातच होतं. नदीकाठच्या वस्तीत कुणाच्या घरात शिरलं नव्हतं. रात्री कुणीतरी जागं राहून दरवाजे थोडे थोडे करत वर घेतले होते, एकदम नाही, आणि सकाळी गावं झोपेतून उठेपर्यंत निरोप पोचलेला होता. शनिवारच्या त्या अभियंत्यांना फोन करावासा वाटला. केला नाही, त्यांना झोपेची गरज असणार.

मामेभाऊ म्हणाला, आता शेवटापर्यंत जाऊ. म्हणून दुपारी मुडावदला. पांझरा तिथे तापीला मिळते, काठावर कपिलेश्वराचं जुनं मंदिर आहे. घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर बसलो, खालच्या पाण्यात होत्या. तापी रुंद, करड्या रंगाची. वर हतनूरचे 41 दरवाजे, त्याच्याही वर चांगदेवला पूर्णा येऊन मिळालेली, ते सगळं पाणी घेऊन ती आलेली. पांझरेचा तांबूस पट्टा तिच्यात शिरत होता आणि बराच लांबपर्यंत वेगळा दिसत होता. इथून सारंगखेडा, प्रकाशा, मग गुजरातेत उकाई आणि सुरत. 1972 साली पूर्ण झालेल्या उकाईला पूर थोपवायचा असतो आणि पाणीही धरायचं असतं, आणि 2006 च्या ऑगस्टात सुरत पाण्याखाली गेलं होतं. आमच्या अंगणातून गेलेलं पाणी तिथल्या दरवाज्यावर बसलेल्या माणसाची रात्र घेणार, हे त्या पट्ट्याकडे बघताना जाणवत होतं.

आईचा फोन आला. "नळ आलाय. फार गढूळ येतंय गं, एकदम तांबडं. तू कुठे आहेस?"

"मुडावदला. संगमावर."

"बरं. हात भिजलेले आहेत माझे, ठेवते. ड्रम भरू दे, मग तुरटी फिरवते. ये रात्री, रोट घेऊन ये."

पाठीमागे पाणी ड्रममध्ये पडल्याचा आवाज येत होता.